तीन क्रेनची बोट

आमच्या पाचोऱ्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या दारामागे, एक मोठा तक्ता टांगलेला असे. जुन्या कॅलेंडरची चार पानं उलटी करून खळीने चिकटवलेली, त्यावर शिसपेन्सिलीने आखलेल्या बारीक चौकटी, डावीकडे वरून खाली बंदरांची नावं आणि वरच्या कडेला तारखा. मधून एक तिरकी रेघ जाई. ती रेघ म्हणजे माझा नवरा.

नवरा मालवाहू जहाजावर फिटर होता. आयटीआय करून वर्षभर वरणगावच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून राहिला, मग कुणीतरी डोक्यात भरवलं आणि हा गडी समुद्रावर गेला. आमच्या सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिला नव्हता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. नऊ-नऊ, दहा-दहा महिने माणूस घराबाहेर. पत्र आलं तर आलं.

तक्ता सासऱ्यांचा. त्यांना सगळं गाव नाना म्हणे, मीही नानाच म्हणत असे. नाना भुसावळला रेल्वेत कंट्रोलर होते. कानाला टेलिफोन लावून बसायचं, कोणती गाडी कोणत्या स्टेशनातून किती वाजता सुटली ते ऐकायचं आणि मोठ्या कागदावर तिची तिरकी रेघ ओढत न्यायची, हे त्यांनी तीस वर्षं केलेलं. निवृत्त होऊन पाचोऱ्याला आले तेव्हा हाताला काम उरलं नव्हतं. मुलगा जहाजावर गेला आणि नानांना पुन्हा ड्यूटी लागली.

मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. त्यामुळे मोठा ॲटलास माझा आणि त्यावर हक्क नानांचा, अशी वाटणी झाली. पहिल्याच खेपेला नानांनी मोंबासापासून आखातापर्यंत फूटपट्टी लावून सरळ रेघ मारली. मी म्हटलं, "नाना, तुम्ही बोट सोमालियाच्या वाळवंटातून आणि ओमानच्या डोंगरावरून नेलीत." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग तुमच्या भूगोलाने वळणं दाखवा." तेव्हापासून आम्ही दोरा वापरू लागलो. गोधडीचा पांढरा दोरा मी किनाऱ्याच्या बाहेरून वळवत न्यायची, नाना तो पट्टीवर मोजायचे.

"दोरावरी समिंदर मोजतस हाई दोन्ही!" सासूबाई म्हणायच्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. भाकरी थापता थापता त्यांचा रोजचा एकच प्रश्न असे, "बोट कथा शे आते?" आणि नाना रेघेवर बोट ठेवून सांगायचे, "आता इथे. उद्या संध्याकाळी एवढी पुढे." अक्का मान डोलवायच्या. त्यांना नकाशा कळत नव्हता, पण बोट पुढे सरकली एवढं कळायचं, आणि तेवढं त्यांना पुरत असे.

नानांनी मुलाला पहिल्याच पत्रात सक्त ताकीद दिली होती की बोटीची सगळी मापं कळव. नवऱ्याची पत्रं यायची ती अशी: मला चार ओळी, तब्येतीला जप वगैरे, आणि नानांना दीड पान. लांबी एकशे सेहेचाळीस मीटर, रुंदी एकवीस, भरलेली असताना बूड पाण्यात नऊ मीटर खोल. पाच होल्ड, म्हणजे पोटातली मालाची कोठारं. चार क्रेन. बांधून सतरा वर्षं झालेली. चाल तेरा नॉट. मला राग यायचा. लग्नाला दोन वर्षं झालेल्या बायकोला बोटीच्या बुडाची खोली काय करायची आहे? पण नानांनी ते सगळं तक्त्याच्या तळाशी, मालगाडीच्या डब्याच्या अंगावर वजन लिहितात तसं, चौकटीत सुबक लिहून काढलं. तेरा नॉट म्हणजे तासाला चोवीस किलोमीटर, असा हिशेब निघाल्यावर तर ते पोट धरून हसले. "अरे, ही तर आपली जामनेरची गाडी!" पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी गाडी त्याच चालीने जायची, लोक चालत्या गाडीतून उतरून विडी पेटवून पुन्हा चढायचे. माझा नवरा जामनेरच्या गाडीच्या चालीने जगभर हिंडतो आहे, हे त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं.

एका पत्रात कळलं की तीन नंबरची क्रेन एका बंदरात जोराची आपटून वाकली आणि शेवटी कापून टाकावी लागली. नानांनी तळाच्या चौकटीत 'चार क्रेन' खोडून 'तीन क्रेन' केलं आणि तारीख टाकून सही केली. सवयच होती त्यांना.

बंदरात जागा नसली की जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकून दिवसचे दिवस उभी राहतात. नाना त्याला 'आउटरला उभी' म्हणायचे. स्टेशनात फलाट रिकामा नसला की गाडी बाहेरच्या सिग्नलला थांबते, तसं. आमच्या घरात हा शब्द असा रुळला की भाजीवाली दारात थांबली तरी अक्का म्हणायच्या, आउटरला उभी शे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण ते पुढे लागणार आहे. माझं माहेर शिंदखेड्याचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. नाव निवडलं होतं अक्कांनी. कारण असं की माझं आणि माझ्या नणंदेचं नाव एकच होतं, आणि एका घरात एका नावाच्या दोघी नकोत. नणंदेचं लग्न ठरलेलं होतं, दोन महिन्यांत ती सासरी गेलीही. पण माझं नाव गेलं ते गेलंच. मी हसून घेतलं, कारण मांडवात दुसरं काय करतात? पण मनातून मला ते कधी पटलं नाही. बावीस वर्षं ज्या हाकेला मी वळत होते ती हाक एका सकाळी बंद झाली.

शाळेत तर भलताच घोळ झाला. प्रमाणपत्रं जुन्या नावाची, नेमणुकीचा अर्ज नव्या नावाचा. शाळेतला क्लार्क मोठा चिकट माणूस होता. त्याने माझं सेवापुस्तक उघडलं, मला भिंतीला उभं करून पट्टीने उंची मोजली, पाच फूट एक इंच. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर तीळ. तो तीळ त्याने चष्मा पुसून बघितला आणि म्हणाला, "नाव काहीही असू द्या बाई. उंची आणि तीळ जुळतात, म्हणजे बाई त्याच." मला तेव्हा त्याचा संताप आला होता. पुढे त्याचे मनात आभार मानले.

त्या वर्षी नवऱ्याचं शेवटचं पत्र मोंबासाहून आलं. आता आखातातल्या एका बंदरात माल उतरवायचा, तिथून मुंबई, आणि मुंबईला मी उतरणार, श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आत घरी येतो, असं लिहिलं होतं. नानांनी दोरा लावला. मोंबासा ते आखात आठ दिवस, बंदरात सहा, तिथून मुंबई चार-पाच दिवस. रेघ आखून झाली, शेवटी मुंबईजवळ लाल पेन्सिलीने गोल केला.

रोज सकाळी नाना स्टेशनावर जायचे. मुंबईकडून येणाऱ्या गाडीचा एक गार्ड त्यांच्या हाताखालून गेलेला होता, तो मुंबईचा पेपर त्यांच्या हातात ठेवायचा. त्यात आतल्या पानावर मुंबई बंदरात आलेल्या आणि येऊ घातलेल्या जहाजांची बारीक अक्षरातली यादी असे. नाना फलाटावरच्या बाकावर बसून ती वाचायचे. लाल गोलाचा दिवस आला. यादीत बोट नव्हती. दुसऱ्या दिवशी नव्हती. आठवड्याने नव्हती. नाना म्हणाले, "आउटरला उभी असेल." पण आउटरला उभ्या असलेल्या बोटींची नावंही त्या यादीत यायची, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

महिना गेला. आखातात तेव्हा लढाई चालू होती, मालवाहू जहाजांवर हल्ले झाल्याच्या बातम्या रेडिओवर यायच्या. अक्का रेडिओ लागला की भांडी जोरात घासायच्या.

शेवटी मी पोस्टात जाऊन मुंबईला, नवऱ्याला नोकरीवर पाठवणाऱ्या कचेरीत, ट्रंक कॉल लावला. दोन तास बाकावर बसल्यावर लाईन मिळाली. मी बोटीचं नाव सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला आणि एक कंटाळलेला माणूस म्हणाला, "ते जहाज आता आमच्या यादीत नाही." मी ओरडले, "यादीत नाही म्हणजे काय?" तो काहीतरी बोलला ते घरघरीत गेलं आणि लाईन तुटली. पुन्हा लावला तर दिवसभर लागलाच नाही.

नाना पोस्टाच्या पायरीवर बसले होते. त्यांना मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. रेल्वेच्या माणसाला त्या वाक्याचा एकच अर्थ ठाऊक. ते पुटपुटले, इंजिन यादीतून काढतात ते दोनच कारणांनी, एक तर भंगारात गेलं, नाहीतर अपघातात मोडलं. आणि गाडी एका स्टेशनातून सुटली, पुढच्या स्टेशनात पोचली नाही, तर ती मध्येच कुठेतरी पडलेली असते. रुळावरची गाडी दुसरीकडे जाऊच शकत नाही. तीस वर्षं ह्या एका विश्वासावर त्यांनी गाड्या चालवल्या होत्या. घरी येताना ते फक्त एवढंच म्हणाले, "अक्काला सांगू नका."

सांगायची गरजच पडली नाही. दुसऱ्या सकाळी अक्कांनी विचारलं, "बोट कथा शे आते?" आणि नाना उत्तर न देता स्टेशनावर निघून गेले. तक्त्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल तशीच लोंबत राहिली. अक्कांनी ती हातात घेतली, बघितली आणि परत सोडली.

ह्यातच श्रावण आला आणि कानबाई जवळ आली. खानदेशाबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. तिच्यासाठी रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, करतात, आणि त्या रोटाचे गहू मुठीने मोजून घेतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. माणूस कुठेही असो, शेतात, परगावी, त्याची सव्वा मूठ पडते. तो रोट भाऊबंदकीबाहेर कुणाला देत नाहीत, आणि राखीपौर्णिमेच्या आत संपवायचा असतो. आमच्या घरात दोनच पुरुष. दोन नावं, दोन वेळा सव्वा मूठ.

थोरल्या काकू, म्हणजे नानांच्या मोठ्या भावाची बायको, कानबाईसाठी तीन दिवस आधीच खेड्यावरून आल्या. त्यांना कुठून काय कळलं होतं देव जाणे. चहा पिता पिता अक्कांना म्हणाल्या, "आते त्यानी मूठ नको टाकू. खबर उनी का मंग टाकजो." त्यांच्या मते ज्याचा ठावठिकाणा नाही त्याची मूठ टाकली आणि भलतंच निघालं, तर देवीचा कोप होतो. त्या वाईट नव्हत्या, आपल्या परीने जपतच होत्या. पण माझ्या हातातली कपबशी मी अशी आपटली की बशीचा टवका उडाला. मूठ टाकायची नाही म्हणजे माणूस घरातून वजा करायचा. ते एकदा झालं की परत कुठल्या तोंडाने त्याची वाट बघायची? पदर खोचला आणि घराबाहेर पडले.

नानांच्या तोंडून 'भंगार' हा शब्द ऐकल्यापासून तो माझ्या डोक्यात घोळत होता. गावाबाहेर एका मुसलमान व्यापाऱ्याचं भंगाराचं आवार होतं. ते नानांचे जुने स्नेही. मुंबईच्या दारुखाना बंदरात जहाजं मोडतात, तिथला पत्रा ते आणायचे, त्याच्या इथे पाण्याच्या टाक्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व्हायच्या. त्यांच्या खोलीला दारसुद्धा जहाजाचं होतं, गोल कोपऱ्यांचं आणि इतकं जड की दोन्ही हातांनी लोटावं लागे. आमचा तक्ता बघायला ते दर महिन्याला यायचे. मी त्यांना चाचा म्हणत असे.

मी सरळ विचारलं, "चाचा, जहाज यादीतून काढलं म्हणजे ते बुडालं किंवा भंगारात गेलं, असंच असतं का?"

ते शांतपणे म्हणाले, "असं काही नसतं बाई. बिकलं पण असेल. चालू जहाज बी बिकतं ना. दुसरा मालिक आला की पहिलं काम काय, तर नाव मिटवायचं. दुसरं नाव, दुसरा झेंडा. मी तोडायला आलेल्या जहाजांवर बघतो ना, वरच्या नावाच्या रंगाखाली जुन्या नावाची अक्षरं लोखंडात तशीच उभी असतात. हात फिरवला की लागतात."

"मग ते जहाज ओळखायचं कसं?"

"लंबाई बघायची. चौडाई बघायची. ती कुठे जाते?"

मला त्या क्षणी शाळेच्या भिंतीला टेकून उभी असलेली मी दिसले, आणि पट्टी घेतलेला तो क्लार्क. मी हसले की रडले ते आता आठवत नाही. चाचांकडे व्यापाऱ्यांसाठी निघणारं एक इंग्रजी साप्ताहिक यायचं. देशातल्या बंदरांत कुठलं जहाज उभं आहे, कुठलं वाट बघतं आहे, त्याची लांबी, रुंदी, वय, क्रेन किती, सगळं त्यात असे, कारण कुठल्या जहाजाला कुठला धक्का द्यायचा हे त्यावरच ठरतं. गेल्या दोन महिन्यांचे अंक त्यांनी सुतळीने बांधून दिले.

घरी आले तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. मी गठ्ठा त्यांच्यासमोर टाकला आणि म्हटलं, "नाव वाचायचं नाही. फक्त मापं वाचायची." त्यांना आधी कळेचना. गाडीचं नाव वाटेत बदलतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पण एकदा चाक रुळावर बसल्यावर त्यांनी शाळेतल्या मुलासारखी तळाची चौकट कागदावर उतरवून घेतली. मी वाचत गेले, ते मान हलवत गेले. हे लांब. हे आखूड. हे नवं. ह्याला क्रेनच नाही. दिवेलागण झाल्यावर ताज्या अंकात, कांडल्याच्या यादीत, बाहेर नांगर टाकून वाट बघणाऱ्या जहाजांत एक सापडलं. लांबी एकशे सेहेचाळीस. रुंदी एकवीस. वय सतरा. आखातातून आलेलं. नाव कधी न ऐकलेलं.

नाना म्हणाले, "एका साच्याच्या दहा बोटी निघतात. इंजिनं निघतात तशी. ही त्यातली दुसरी असली तर?"

मी पुढचा रकाना वाचला. होल्ड पाच, क्रेन तीन.

नानांनी अंक माझ्या हातून घेतला, दिव्याखाली धरला आणि पुन्हा वाचला. पाच होल्डच्या त्या साच्याच्या जहाजाला चार क्रेन असायला हव्यात, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी चष्मा काढला. "आउटरला उभी आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कांडल्याला तार केली. नवऱ्याचं नाव, जहाजाचं नवं नाव आणि मजकूर, ठीक असाल तर कळवा. शनिवार उजाडला तरी उत्तर नव्हतं, आणि मूठ शनिवारी सकाळीच पडते.

अक्का सूप घेऊन बसल्या. शेजारी थोरल्या काकू. नानांचं नाव घेऊन सव्वा मूठ पडली. अक्कांचा हात गव्हाच्या डब्यात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "तू सांग वं. टाकू का नको?"

मी खाली बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. बोट विकली, नाव पुसलं, दुसरं नाव दिलं, मापं तीच, क्रेन तीनच. काकू मध्येच म्हणाल्या की दुसऱ्या नावाची बोट ती आपली कशी? आणि माझा तोल गेला. दोन वर्षं दाताखाली धरलेलं तोंडातून निघून गेलं.

"अक्का, तुम्ही माझं नाव बदललंत. मी बदलले का? माझी उंची बदलली, हा तीळ गेला? मी तीच राहिले ना, की तुमच्या घरात दुसरीच कोणी आली?"

सासूशी असं बोलायची पद्धत नव्हती. पण शब्द परत घ्यावेत असं वाटलं नाही. अक्का माझ्या भुवईकडे बघत होत्या. मग मी आमच्या बोलीत हळूच म्हटलं, "टाका अक्का. त्या शेतस." ते आहेत, एवढंच.

अक्कांनी मुलाचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकले. काकूंनी तोंड फिरवलं.

मला खात्री होती का? नव्हती. रविवारभर मी पुरण वाटत होते आणि मनात एकच, की तीन क्रेनच्या अजूनही बोटी असतील. मी एका घराला आणि एका आईला शब्द देऊन बसले होते, आणि माझ्याकडे फक्त पाच आकडे होते. सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून आलो. मंगळवारी तार आली. कांडल्याहून. सुखरूप, उतरतो आहे, गुरुवारी निघतो.

नानांनी पेन्सिल घेतली आणि रेघेचा शेवटचा तुकडा स्वतःच्या हक्काच्या मुलखात ओढला. कांडला, अहमदाबाद, सुरत, तिथून तापीच्या लाईनने शिंदखेडा, अंमळनेर, जळगाव, पाचोरा. ह्या तुकड्याला दोरा लागला नाही, सगळं अंतर त्यांना तोंडपाठ होतं.

राखीपौर्णिमेच्या दोन दिवस आधी नवरा आला. काळवंडलेला, वजन उतरलेलं. फलाटावर नानांनी पहिला प्रश्न विचारला तो "जळगाव किती वाजता सोडलं?" असा. घरी आल्यावर अक्कांनी त्याच्यासमोर त्याच्या वाट्याचा रोट ठेवला आणि तो संपेपर्यंत समोरून उठल्या नाहीत.

नवरा मात्र चक्रावलेला होता. "नव्या नावाने तार आली कशी? मी पत्र टाकलं होतं, पण ते पोचलं असेल असं वाटत नव्हतं." ते खरंच पोचलं नव्हतं. ते त्याच्यानंतर अकरा दिवसांनी आलं, आणि नानांनी त्यावर 'लेट' असं लिहून फायलीत लावलं. तो सांगत होता की बोट आखातातच विकली गेली, कागदपत्रांत सगळा वेळ गेला, आणि नाव पुसायला त्यालाच दोरीने फळीवर बसवून जहाजाच्या नाकाखाली सोडलं होतं. एक दिवस लागला म्हणे, रंगावर रंग. मी विचारलं, "जहाजाला विचारलं होतं का?" तो हसला. अक्का हसल्या नाहीत.

तो दिवस आणि ते भांडण, दोन्हींबद्दल अक्का पुढे कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. वर्ष गेलं. नवरा पुन्हा दुसऱ्या बोटीवर गेला, दारामागे नवा तक्ता लागला. श्रावण आला, थोरल्या काकू आल्या, शनिवारी सकाळी अक्का सूप घेऊन बसल्या. मी चुलीपाशी होते. नानांची सव्वा मूठ पडली. मुलाची पडली. आमच्या घरची मोजणी तिथे संपते, म्हणून मी सूप उचलायला उठले.

अक्कांनी हात पुन्हा डब्यात घातला आणि एक नाव घेतलं. माझं माहेरचं. तीन वर्षांत त्या घरात ते नाव मला उद्देशून कुणी घेतलं नव्हतं, म्हणून मला आधी वाटलं, नणंदेचं घेतलं. काकूंनाही तसंच वाटलं.

"आंडेरनी मूठ?" त्या म्हणाल्या. "लेक ते परघरनी शे."

"आंडेरनी नही," अक्का म्हणाल्या. "हाई मनी वहूनी शे."

"बायासनी मूठ ऱ्हास का कथी?" बायकांची मूठ असते का कधी, असा काकूंचा सवाल.

"आते ऱ्हास," अक्का म्हणाल्या आणि मोजून सव्वा मूठ सुपात टाकली.

मी सूप घेऊन गिरणीवर जायचं सोडून तशीच न्हाणीघरात गेले आणि दार लावून रडले. मग तोंड धुऊन दळण आणलं. त्या वर्षीचा रोट मी माझ्या नावाचा खाल्ला.